मॉलेक्युलर बायोलॉजी, बायोफिजिक्स वगैरेत संशोधनाला खरंच स्कोप आहे का?

वऱ्हाडी_मामा

नमस्कार मंडळी. मी बँकेतला माणूस, विज्ञानाशी संबंध बारावीला तुटला. प्रश्न भाचीचा आहे.

भाची अमरावतीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. घरात सगळ्यांनी धरून चालले होते की एमएस्सी करेल, बीएड करेल, एखाद्या ज्युनिअर कॉलेजात लागेल. दिवाळीत फराळाला बसलो तर म्हणे, "मामा, मला मॉलेक्युलर बायोफिजिक्समध्ये रिसर्च करायचाय." माझ्या हातातली चकली हातातच राहिली. रात्री बहिणीचा फोन. "दादा, हे काय असते? नोकरी लागते काय त्यात? फिजिक्स शिकून हे पोट्टी बेडकं कापणार काय?"

मला तीन गोष्टी कळत नाहीत. हे नेमकं असतं काय, बायोलॉजी सोडून चार वर्षं झालेल्या मुलीला तिथे कोण उभं करतं, आणि पोटापाण्याचं काय. गूगलवर बघितलं, पण तिथे सगळे कॉलेजवाले आपापली जाहिरात करतात. इथे या क्षेत्रातले लोक आहेत हे माहीत आहे. खरं सांगा, गोड नको.

---

खारट_स्फटिक

मामा, गोड नको म्हणालात म्हणून पहिला कडू घोट माझा.

प्रोटीन क्रिस्टलोग्राफीत सहा वर्षं घालवली. संस्थेचं नाव नको. काम काय, तर एक प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायचं, शुद्ध करायचं आणि त्याचे स्फटिक वाढवायचे, म्हणजे एक्स-रेने त्याची रचना सोडवता येते. चोवीस खणांची ट्रे, प्रत्येक खणाच्या झाकणाला उलटा लटकलेला एक थेंब, खाली द्रावण. शेकडो ट्रे. आठवड्यातून दोनदा प्रत्येक थेंब मायक्रोस्कोपखाली बघायचा. चार महिन्यांनी एका थेंबात काचेसारखे लखलखीत, धारदार कडांचे स्फटिक दिसले. मी लॅबमध्ये पेढे वाटले. मग ते द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) घेऊन गेलो. एक्स-रे मारला, तर पडद्यावर मोजके, एकमेकांपासून लांब लांब ठिपके. प्रथिनाच्या स्फटिकाचे ठिपके दाटीवाटीने येतात. माझं निघालं मीठ. बफरमधलं, म्हणजे प्रथिन ठेवायच्या द्रावणातलं मीठ.

नंतर एका सीनियरने सांगितलं की सुई टोचून बघायची होतीस. मिठाचा खडा असेल तर कट् वाजतो, प्रथिनाचा स्फटिक पेढ्यासारखा दबतो. पेढे वाटायच्या आधी हे कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी फेलोशिप सात महिने अडकली, घरभाडं वडिलांनी भरलं. आता एका आयटी कंपनीत डेटाचं काम करतो. सुखी आहे. भाचीला सांगा, एमएस्सी-बीएड वाईट नाही.

---

चिवडा_विथ_दही

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पेढे खाऊन झालेत.

---

पिकोन्यूटन

खारटभाऊंचं दुःख खरं आहे. आमच्याही लॅबमध्ये अशी एक बाटली आहे, तिच्यावर "स्मारक" असं लिहिलंय. पण मामांचा पहिला प्रश्न तसाच राहिला, म्हणून लिहितो.

ताई म्हणतात तशी बेडकं कोणी कापत नाही. मी ज्या लॅबमध्ये आहे तिथे आम्ही ओढाताण मोजतो. पेशीच्या आत माल वाहणारी यंत्रं असतात, तीही प्रथिनंच. त्यातलं एक कायनेसिन. ते पेशीतल्या सूक्ष्मनलिकेवरून दोन पायांवर चालल्यासारखं चालतं, एका पावलात आठ नॅनोमीटर. एका पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. पावलाची ही लांबी १९९३ साली लेझरच्या चिमट्याने मोजली गेली. चिमटा म्हणजे काय, तर लेझर मायक्रोस्कोपमधून एका बिंदूवर एकवटला की एखाद्या मायक्रॉनएवढा प्लास्टिकचा मणी त्या बिंदूत अडकून राहतो. मण्याला कायनेसिन चिकटवायचं. ते चालायला लागलं की मणी ओढला जातो, प्रकाश त्याला मागे खेचतो. सहा-सात पिकोन्यूटनच्या आसपास ओढ आली की ते थबकतं. आर्थर ॲशकिन यांना या चिमट्यासाठी २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मामा, तुमच्याकडचं एखादं लहानसं संत्रं तळहातावर ठेवलंत तर त्याचा भार साधारण एक न्यूटन. पिकोन्यूटन म्हणजे त्याचा एक लाख कोटीवा भाग. आमचं टेबल दाबलेल्या हवेवर तरंगत असतं, तरी कॉरिडॉरमधून कोणी टाचा आपटत गेलं की ग्राफवर कळतं. नवीन मुलांना पहिला धडा हाच, दार हळू लावा.

आता सांगा, हे काम फिजिक्सच्या मुलीचं की बायोलॉजीच्या?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे. प्रथिनाची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते आणि कुठल्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील, याचा नकाशा १९६३ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी मांडला. रामचंद्रन भौतिकशास्त्रज्ञ, सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. आजही जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना सोडवली की ती या नकाशावर तपासूनच घेतात. पुढे १९७१ मध्ये त्यांनीच बंगलोरच्या आयआयएससीत मॉलेक्युलर बायोफिजिक्स युनिट उभारलं. वेंकी रामकृष्णन बडोद्याचे बीएस्सी फिजिक्स. पीएचडीही फिजिक्समध्येच केली आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन बायोलॉजीच्या वर्गात जाऊन बसले. रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं नोबेल.

---

वऱ्हाडी_मामा

संत्र्यावरून समजलं बाप्पा. बहिणीला फोन करून सांगितलं, बेडूक नाही, लेझर आहे. ती म्हणे मग डोळ्याला त्रास होईल.

---

शुद्धभाषा_काका

"मॉलेक्युलर बायोफिजिक्स", "स्कोप", "रिसर्च". मराठी संकेतस्थळावर मराठी धागा आहे ना हा? रेणवीय जीवभौतिकी. वाव. संशोधन.

---

चिवडा_विथ_दही

काका, "भाचीला रेणवीय जीवभौतिकीत वाव आहे का" असं विचारलं तर बहीण म्हणेल, काही दुखतंय का तिचं?

---

कोडकुटे

मधे तोंड घालतो. हे प्रथिनांच्या रचनेचं सगळं अल्फाफोल्ड नावाच्या एआयने संपवलं ना? २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं (हॅसाबिस, जंपर, आणि प्रथिनं डिझाइन करणारे बेकर). अमिनो आम्लांची यादी टाका, रचना तयार. वीस कोटींच्या वर रचना फुकट डाउनलोडला ठेवल्यात. खारटभाऊंची सहा वर्षं आता दहा मिनिटांत होतात. मग मुलीने त्यात जाऊन करायचं काय? त्यापेक्षा सरळ एआय शिकू दे.

---

खारट_स्फटिक

मीठ चोळायची पद्धत आवडली, तेही माझंच.

पण इथे मी पलीकडच्या बाजूने बोलणार. अल्फाफोल्ड शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर. ती १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाली, आता दोन लाखांच्या वर गेलीय. त्यातली एकेक रचना म्हणजे कोणाचे तरी ट्रे, कोणाचे तरी पेढे. आम्ही पन्नास वर्षं दळलं, त्याने भाकरी थापली. छान थापली, वाद नाही.

---

लाल_पेशी

मी पॅथॉलॉजिस्ट. सध्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. संशोधक नाही, पण हा प्रश्न माझ्या टेबलावर रोज येतो म्हणून लिहिते.

आमच्याकडे सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) भरपूर. शाळांमध्ये, आश्रमशाळांमध्ये तपासणी असते. पहिली चाचणी अगदी साधी, सोल्युबिलिटीची. बोटातून रक्ताचा थेंब, नळीत फॉस्फेट बफर, पेशी फोडायला सॅपोनिन, ऑक्सिजन काढून घ्यायला सोडियम डायथायोनाइट. पाच मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे छापील ओळींचा कागद धरायचा. ओळी नीट वाचता आल्या तर निगेटिव्ह. नळी गढूळ होऊन ओळी दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, मग पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, कारण वाहक आहे की आजारी हे या नळीतून कळत नाही.

परवा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, पाणी गढूळ काऊन झालं?" मी म्हटलं, हिमोग्लोबिन वेगळं आहे म्हणून. ती म्हणे, वेगळं असलं तर गढूळ कशाला होते? मला नीट सांगता आलं नाही. एमबीबीएसला शिकलो होतो, बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. १४६ मधलं एक. पण त्याने पाणी गढूळ का व्हावं?

कोडकुटे, तुमच्या अल्फाफोल्डला विचारून सांगता का?

---

कोडकुटे

टाकून बघितलं. दोन्हींची रचना जवळपास तशीच्या तशी दाखवतोय. 😐

---

पिकोन्यूटन

दाखवणारच. डॉक्टर, तुमच्या त्या मुलीला इकडे पाठवून द्या, फार मोठा प्रश्न विचारलाय तिने.

तो बदल रेणूच्या पृष्ठभागावर आहे. एकट्या रेणूचा आकार त्याने फारसा बिघडत नाही, म्हणून अल्फाफोल्डला फरक दिसत नाही. पण ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला पाणी आवडतं. व्हॅलीन तेलकट स्वभावाचं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते आणि हे व्हॅलीन तिच्यात जाऊन बसतं. त्याच्यामागे पुढचा रेणू, मग त्याच्या पुढचा. असे हजारो रेणू जोडून ताठ दोरे तयार होतात. पेशीत ते दोरे झाले की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. तुमच्या नळीतला गढूळपणाही त्यातूनच. ऑक्सिजन गेला की हे हिमोग्लोबिन विरघळलेलं राहत नाही, एकमेकांना चिकटून बाहेर पडतं आणि प्रकाश विखुरतं.

माझ्या आवडीचा भाग याच्या पुढे आहे. ऑक्सिजन गेल्यावर दोरे लगेच होत नाहीत. काही काळ काहीच घडत नाही, मग एकदम धडाधड सुरू होतं. हा मधला थांबण्याचा वेळ हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर अवलंबून, आणि साधासुधा नाही, संहतीच्या साधारण तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. बारावीच्या गणितात आपण वर्ग, घन बघतो. इथे तिसावा घात. म्हणजे पेशीतली संहती दहाच टक्क्यांनी उतरली तर थांबण्याचा वेळ वीसेकपट वाढतो.

आणि पेशीला बारीक केशवाहिनीतून निसटायला सेकंदभरच लागतो. तेवढ्यात दोरे झाले नाहीत तर ती पुढे मोठ्या शिरेत आणि तिथून फुफ्फुसात जाऊन ऑक्सिजन घेऊन येते, वाचते. झाले तर तिथेच अडकते आणि तुमचा पेशंट हाडं दुखतात म्हणून रडत येतो. सगळा आजार त्या सेकंदाच्या शर्यतीत आहे.

---

लाल_पेशी

हे मी दोनदा वाचलं.

आम्ही प्रत्येक पेशंटला सांगतो, पाणी पीत राहा, उन्हात उपाशी राबू नका. कागदावर छापलेलं आहे, म्हणून सांगतो. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं, आणि तिसावा घात... पंधरा वर्षं सांगतेय, आज कळलं का सांगतेय.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतो, त्याचंही तेच का? त्याने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं एवढं माहीत आहे.

---

पिकोन्यूटन

बरोब्बर. गर्भातलं हिमोग्लोबिन त्या दोऱ्यात बसत नाही. ते मिसळलं की दोरा करणाऱ्यांची गर्दी विरळ होते. आणि कॅसजेव्ही नावाची क्रिस्पर-उपचारपद्धत (जनुकात नेमक्या जागी बदल करणारी) आली ना, ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली, तीही जनुकातलं वाकडं अक्षर सरळ करत नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करणारं जे बटण आहे, बीसीएल-११-ए नावाचं, तेच रक्ताच्या मूळपेशींत ढिलं करते. बटण सापडलं मॉलेक्युलर बायोलॉजीने. ते दाबून फायदा का होतो हे बायोफिजिक्सने आधीच मोजून ठेवलं होतं. मामा, दोन्ही विषयांची नावं धाग्यात जोडीने का आली ते यात आहे.

---

खारट_स्फटिक

किंमतही सांगा की राव. अमेरिकेत २२ लाख डॉलर. गडचिरोलीत कोण घेणार?

आणि प्रत्येक वेळी जमतंच असंही नाही. व्हॉक्सेलोटर नावाची गोळी याच विचारातून निघाली होती, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावायचं म्हणजे दोरेच होणार नाहीत. २०१९ मध्ये मंजूर झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच जगभरातून मागे घेतली. कागदावर सुंदर होती.

---

लाल_पेशी

कोण घेणार, हाच तर स्कोप आहे. स्वस्तात कसं होईल हे अजून कोणाला करायचंय. आपल्याकडे २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, सात कोटी लोक तपासायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. दिल्लीच्या आयजीआयबीतली मंडळी क्रिस्परवर काम करताहेत, कोविडमध्ये कागदी पट्टीची "फेलूदा" चाचणी काढली होती तीच संस्था. बाकी मला कळत नाही, पण त्या आठवीतल्या मुलीला परदेशातली किंमत सांगून मी परत पाठवू शकत नाही.

---

क्यूसी_वाली

पुण्यातून. सगळे विद्यापीठं आणि नोबेलवर बोलताहेत, कारखान्यातलं कोणीच नाही, म्हणून.

मी बायोसिमिलर बनवणाऱ्या कंपनीत आहे. मूळ औषध प्रथिनाचं, म्हणजे अँटिबॉडी किंवा इन्सुलिनसारखं, त्याचं पेटंट संपलं की आम्ही तसंच बनवतो. पण "तसंच" हे सिद्ध करायला लागतं. साध्या गोळीसारखं रासायनिक सूत्र दाखवून भागत नाही. घडी तशीच आहे का (सर्क्युलर डायक्रॉइझम), किती तापमानाला उलगडतं (कॅलरीमेट्री), रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे तर होत नाहीत ना (लाइट स्कॅटरिंग). खोक्यात हिंदकळल्यावरही बघायचं. हे सगळं बायोफिजिक्सच, फक्त इथे त्याला ॲनालिटिकल म्हणतात आणि पगार वेळेवर होतो.

पुणे, हैदराबाद, बंगलोर या पट्ट्यात ही कामं आहेत. सुरुवातीचा पगार आयटीइतका नाही, सांगून ठेवते. एमएस्सीवर आत येता येतं, पण मशीन चालवत राहता. पद्धत ठरवणाऱ्या खुर्चीवर बहुतेक पीएचडी बसलेले असतात. आणि मुलाखतीत मी काय विचारते माहितीये? ग्राफ समोर ठेवते आणि म्हणते, यात काय चुकलंय सांग. फिजिक्सवाली मुलं पटकन म्हणतात, बेसलाइन सरकलीय. बायोटेकवाली बरीचशी आधी प्रथिनाचं नाव विचारतात.

---

बायोटेकवाला_पक्या

निषेध! आम्ही नाव विचारतो कारण सभ्य आहोत.

---

नेट_निघाली_एकदाची

पैशांचं मी सांगते, कारण मामा तिथेच अडकलेत.

सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ (सीनियर फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. हे २०२३ पासूनचे दर. भाचीने लाइफ सायन्सेसचाच पेपर द्यायला पाहिजे असं नाही. फिजिकल सायन्सेसची नेट काढून बायोफिजिक्सच्या लॅबला गेलेली माणसं मी बघितलीत. टीआयएफआर आणि एनसीबीएस वगैरेंची एक सामाईक बायोलॉजीची परीक्षा असते, जीबिल्स म्हणतात तिला, तिलाही मूलभूत विज्ञानातली कुठलीही पदवी चालते. बीएस्सीनंतर सरळ इंटिग्रेटेड पीएचडीही आहे.

आपल्या भागातच बघायचं तर पुण्यात आयसर, एनसीसीएस, एनसीएल. मुंबईत टीआयएफआर, आयआयटी, खारघरला ॲक्ट्रेक. मुंबई विद्यापीठात बायोफिजिक्सचा स्वतंत्र विभागच आहे.

आता कडू. पीएचडी पाच-सहा वर्षं. मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), बहुतेकदा बाहेर. कायमची प्राध्यापकी मिळेपर्यंत पस्तिशी येते, आणि सगळ्यांना मिळत नाहीच. खारटदादांसारखं पैसे अडकणं माझ्याही लॅबमध्ये झालंय, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या. आणि गाईड निवडताना त्याचे पेपर नंतर बघा, आधी त्याच्या लॅबमधून बाहेर पडलेल्या तीन जणांना फोन करा. वेबसाइटवर जुन्या विद्यार्थ्यांची नावं नसतील तर तेच उत्तर समजा.

लग्नाचं घरचे काढतीलच. त्यावर वेगळा धागा.

---

हायडेलबर्गकर

शेवटच्या परिच्छेदाला +१००. इथे जर्मनीत क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत पोस्टडॉक करतोय. नमुना एवढ्या झटपट गोठवतो की पाण्याचा बर्फ व्हायलाही वेळ मिळत नाही, काच होते. स्फटिक लागतच नाहीत. खारटभाऊ, दहा वर्षं उशिरा जन्मायला हवे होतात.

---

खारट_स्फटिक

आईला सांगतो.

---

भाची_स्वतः

नमस्कार. मामाने लिंक पाठवली. खातं कालच उघडलं.

आधी सांगते, मी बेडूक कापायलाही तयार होते.

मला हे सुचलं ते आमच्या सरांच्या एका तासाला. ब्राउनियन गती शिकवताना ते म्हणाले की पेशीत सगळं सतत हिंदकळत असतं, वादळात उभं राहून विटा रचल्यासारखं. घरी येऊन विचार करत बसले की मग आत काहीही नीट कसं घडतं. पिकोन्यूटन सर, कायनेसिनचं वाचून तोच प्रश्न परत आला. एवढ्या हिंदकळण्यात ते पाऊल पुढेच कसं टाकतं, मागे का नाही?

लाल पेशी मॅडम, तुमची गढूळ नळी मला बघायची आहे. आमच्या कॉलेजात साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. सर म्हणाले की गढूळपणा दर सेकंदाला किती वाढतो याचा ग्राफ काढता येईल. थांबण्याचा वेळ खरंच दिसतो का ते बघायचंय. जमेल का?

---

पिकोन्यूटन

मागेही टाकतं कधीकधी. जोरात ओढलं की जास्त वेळा. आपण ते मोजतो. सर म्हणू नकोस, दादा चालेल.

ग्राफचा बेत चांगला आहे, पण सोल्युबिलिटीच्या नळीतलं फॉस्फेट फार तीव्र असतं. पेशीतल्यासारखा वेळ त्यात मिळणार नाही. तरी तापमान बदलून बघ, कारण थंडाव्यात हे चिकटणं मंदावतं. काय येतं ते इथेच टाक. आणि तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिन्यांची. अर्ज साधारण नोव्हेंबरच्या सुमारास निघतात, लक्ष ठेव. दोन महिने एखाद्या लॅबमध्ये बसून कंटाळा आला तर स्वस्तात सुटलीस.

---

वऱ्हाडी_मामा

बहिणीने सगळा धागा वाचला. तिचा एकच प्रश्न राहिला, तो रक्ताचा आहे. दुसऱ्याचं रक्त हाताळणार, काही लागलं-बिगलं तर?

---

लाल_पेशी

ताईंचा प्रश्न बरोबर आहे. पेशंटचं रक्त मी बाहेर देणार नाही, तसं करताच येत नाही. त्यामुळे कॉलेजातला ग्राफ तूर्त विसर. इकडे यायचं असेल तर प्राचार्यांचं पत्र घेऊन ये. कावीळ बी ची लस घेतली आहे का ते आईला विचार, नसेल तर आधी घे. मी अर्ज वर पाठवते. परवानगी आली तर आमच्याच टेबलावर, माझ्यासमोर, हातमोजे घालून.

तपासणी सकाळी नऊला सुरू होते. चपला घालून आलीस तर दारातूनच परत पाठवेन, बूट घालून ये.